मोहोळला न थांबणाऱ्यांची खबरबात

मोहोळला कुणी थांबत नाही. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. पुणे-सोलापूर हायवे आम्हाला खेटून जातो आणि त्यावरच्या प्रत्येकाला एक तर सोलापूर गाठायचं असतं, नाही तर थेट हैदराबाद. माउलींचा पालखी मार्ग म्हणून दिवेघाटापासून नवा रुंद रस्ता झाला, तो कागदोपत्री मोहोळला संपतो. पण रस्ता संपला म्हणून माणूस उतरतोच असं नाही. तो वळण घेतो आणि हायवेला लागतो. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला कुर्डुवाडीला थांबा मिळाला, आम्हाला नाही. तेव्हापासून कुर्डुवाडीचे पाहुणे आमच्याशी बोलताना खुर्चीत जरा मागं रेलून बसतात.

पडद्यावरची माणसं आमच्या गावावरून जात नाहीत असं नाही. खूप जातात. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाचा प्रयोग असला की पुण्या-मुंबईकडून येणारी नाटकाची बस मोहोळवरूनच जाते. पण ती जाते भर दुपारी, जेवणं झाल्यावर, खिडक्यांचे पडदे ओढून. ज्या नटाला आम्ही मालिकेचे तीनशे भाग, रोज रात्री, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन पाहिलं, तो आमच्या गावातून घोरत जातो. कुणी थांबलंच तर लांबोटीला, चिवड्यासाठी. लांबोटी आमच्याच तालुक्यात असल्यामुळं तो थांबा आम्ही मोहोळच्या खात्यावर जमा धरतो.

आणि तरीही या न थांबणाऱ्यांविषयी मोहोळला सगळं ठाऊक आहे. कोण कुणाबरोबर मालदीवला गेलं, कुणी इन्स्टाग्रामवर कुणाला अनफॉलो केलं, मग घाईघाईनं पुन्हा फॉलो केलं, कुणाच्या लग्नात किती तोळ्यांचं काय होतं. शेजारच्या काकूंना स्वतःच्या नणंदेच्या ऑपरेशनची तारीख आठवत नाही, पण मुंबईतल्या एका नटीला कुठलं कडधान्य पचत नाही, हे त्या छातीठोकपणे सांगतात. बरं, ही माहिती त्यांनी मागितलेली नसते. त्या लेकीच्या मोबाइलवर बाजारभाव बघायला जातात आणि कांदा आणि टोमॅटो यांच्या मधोमध ही बाई पोट धरून उभी असते.

परवा काकूंनीच बातमी आणली, की हिंदीतल्या कुठल्याशा नटीनं गहू सोडला. ती आता ज्वारीची भाकरी खाते. खाल्ल्यापासून वजन उतरलं, कांती उजळली आणि मन शांत झालं. बातमीत भाकरीचा फोटो होता, निळ्या ताटलीत, वर कसलंसं हिरवं पान ठेवलेलं. आता मला सांगा, मोहोळच्या माणसानं ही बातमी कोणत्या तोंडानं वाचायची? पिढ्यान् पिढ्या रब्बीला जी ज्वारी पेरली जाते, त्या मालदांडी ३५-१ ची निवड मोहोळच्याच संशोधन केंद्रात झाली, १९३० च्या दशकात. नंतर एकापेक्षा एक सुधारित वाण आले, एकरी उतारा जास्त देणारे आले, तरी खाणारा माणूस दुकानात जाऊन मालदांडीच मागतो. इतकी वर्षं मागणी टिकून राहिलेला एक तरी नट दाखवा. पण मालदांडीचा विमानतळावर कुणी फोटो काढला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं, तेव्हा वाटलं, आता तरी आमचा नंबर लागेल. नंबर लागला तो नट्यांच्या डाएटचा.

करमणुकीच्या बातम्यांत माझी सगळ्यात आवडती जात म्हणजे मानधनाची बातमी. 'एका भागासाठी घेते इतके पैसे, आकडा ऐकून थक्क व्हाल!' आमचा माणूस थक्क होत नाही. तो आकडा टनात बदलून घेतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, म्हणजे टनाला ३,५५०. तीही सव्वादहा टक्के उतारा धरून आणि तोडणी-वाहतूक कापायच्या आधीची. या मापानं अख्खी चित्रसृष्टी आमच्या टपरीवर मोजून झालेली आहे. 'बिग बॉस मराठी'चा पाचवा हंगाम ६ ऑक्टोबर २०२४ ला सूरज चव्हाणनं जिंकला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचं पोरगं, टिकटॉकवर नाव काढलेलं, २०२० साली टिकटॉकच बंद झालं तरी न बुडालेलं. बक्षीस १४ लाख ६० हजार. या आकड्याचा एफआरपीनं भागाकार व्हायला चहाचा अर्धा कप पुरला. चारशे अकरा टन! एकरी चाळीस टन धरले तर दहा एकर ऊस. आडसाली लावला तर अठरा महिने रानात. या पठ्ठ्यानं सत्तर दिवसांत काढला, तोही घरात बसून आणि रात्रीच्या लाइटची वाट न बघता.

"पण बिल लगेच मिळालं का?" एकानं विचारलं.

"टीव्हीवाल्यांचं हाय. कारखान्याचं न्हाई," दुसरा म्हणाला.

सगळे गंभीर झाले. सूरजच्या यशाला याहून मोठी दाद मी कुठल्या समीक्षेत वाचलेली नाही. पुढं एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदे यांनी त्याला घेऊन 'झापुक झुपूक' हा सिनेमा काढला. तो फारसा चालला नाही, तेव्हा पुण्यातल्या जाणकारांनी पटकथेतले दोष काढले. टपरीवर दोनच शब्दांत निकाल लागला, "खोडवा होता." ज्यानं ऊस लावलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. खोडव्याला वजन कमीच पडतं, त्यात रानाचा दोष नसतो आणि पोराचाही नसतो.

तसं मोहोळमध्ये प्रसिद्ध व्हायला मुंबईला जावं लागत नाही. वाढदिवस पुरतो. चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध उत्सवमूर्ती गॉगल लावून, वरच्या अंगाला हयात आणि दिवंगत नेते एकाच प्रसन्नतेनं हसणारे, खाली शुभेच्छुकांची तीस-चाळीस मुंडकी. आपलं मुंडकं पहिल्या ओळीत आलं की तिसऱ्या, यावरून भाऊबंदकी पेटलेली मी पाहिली आहे. सिनेमाच्या नामावलीत नाव आधी कुणाचं यावरून नट रुसतात, तेव्हा त्याची बातमी होते. आमच्याकडं सरळ कोयता निघतो आणि मग पोलिस पाटील मध्ये पडतात. पण फ्लेक्सचा खरा मोठेपणा वाढदिवसानंतर कळतो. तो उतरवून गोठ्यावर टाकतात. मग पावसाळाभर भावी नगराध्यक्ष, गॉगलसह, म्हशीच्या अंगावर एक थेंब पडू देत नाहीत. प्रसिद्धीचा असा रोकडा उपयोग मुंबईतल्या एकाही ताऱ्याच्या नशिबी नाही.

आणि खरी तारका मोहोळला थांबते, ती सुपारी मिळाल्यावर. २००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं, आदेश बांदेकर महाराष्ट्राचे भावोजी झाले आणि पैठणी ही साडी न राहता एक राजकीय कार्यक्रम झाली. निवडणूक जवळ आली की तालुक्याच्या गावोगाव 'खेळ पैठणीचा' लागतो. मालिकेतली एखादी सून पाहुणी म्हणून येते. सहाची वेळ असते, साडेआठला येते, स्टेजच्या पायऱ्या चढताना शेजारच्या कार्यकर्त्याला गावाचं नाव विचारते आणि माइक हातात आला की "काय म्हणताय मोहोळकर!" असं ओरडते. मोहोळकर काही म्हणत नाहीत. ते मोबाइल वर धरून शूटिंग करत असतात. समोर प्रत्यक्ष उभी असलेली बाई ते पाच इंचांच्या पडद्यात बघतात, कारण तिथं ती त्यांना ओळखीची वाटते.

आता माझं म्हणणं सांगतो. मी कुचाळक्यांच्या विरोधात नाही. कुचाळक्यांवर गाव चालतं. कुणाच्या पोराचं कुठं जुळतंय, कुणाची जमीन कुणी घेतली, कोण पुण्याला नोकरीला आहे असं सांगून काय करतो, ही माहिती वाहती राहिली नाही तर गावाची सोयरीक ठप्प होईल. माझं मागणं एवढंच, की कुचाळकीला मालक पाहिजे.

आमच्या कटिंगच्या दुकानाचं बघा. दुकानाचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, दिवसभरात जेवढ्या बातम्या देतात तेवढ्या कुठल्या वाहिनीवर होत नसतील. पूर्वी दुकानात सिनेमाची जुनी मासिकं असायची, मुखपृष्ठ फाटलेली, मधली पानं कुणीतरी नेलेली. आता भिंतीवर टीव्ही आहे, तो मुका. बोलतात अण्णाच. पण त्यांच्या बातमीला एक शिस्त आहे. ज्याच्याविषयी बोलायचं, तो पुढच्या दहा मिनिटांत दार ढकलून आत येऊ शकतो. कदाचित तो आधीच बाकड्यावर पेपर तोंडासमोर धरून बसलेला असतो. वस्तरा अण्णांच्या हातात असला, तरी गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जाऊ शकतं. त्यामुळं अण्णा बातमी देताना कुणाकडून ऐकली ते सांगतात, त्या माणसाला सवय कशी आहे तेही सांगतात आणि शेवटी "खरं-खोटं नागनाथाला ठाऊक" म्हणून ग्रामदैवतावर सोडतात. नाव, स्रोत, स्रोताची विश्वासार्हता आणि खुलाशाला जागा. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात याहून वेगळं काय शिकवतात?

मरणाची बातमी हा तर खरा कस. मोहोळमध्ये कुणी गेल्याचं कानावर आलं, तर सांगणारा आधी त्या घरापर्यंत जाऊन येतो. बाहेर चपला किती आहेत, चूल पेटली आहे का, मंडप घालणारा आला का, हे बघितल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. कारण उद्या त्याच दारात चहाला जायचं असतं आणि दार उघडायला तो 'गेलेला' माणूसच यायचा. उलट २०२२ च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात झुंजत होते आणि बातम्यांनी त्यांना दोन-तीन दिवस आधीच मारून टाकलं. श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या, मोठमोठ्यांनी वाहिल्या. घरच्यांना सांगावं लागलं, की अहो, ते आहेत. ते २६ नोव्हेंबरला गेले. यातून कुणी काही शिकलं असेल म्हणावं, तर तीन वर्षांनी २०२५ च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र यांच्याबाबत पुन्हा तेच. ११ तारखेला बातमी फिरली, मुलीला आणि हेमामालिनींना जाहीरपणे खोडून काढावी लागली. धर्मेंद्र पुढं तेरा दिवस जगले. या तेरा दिवसांचा हिशेब कुणी कुणाला मागितला नाही. आमच्याकडं जिवंत माणसाचा असा फोटो हार घालून लावला असता, तर लावणाऱ्याला गावात पाणी मिळालं नसतं.

मुंबईच्या या धंद्याला मालक कधी नव्हता असं मात्र नाही. सिनेमाच्या छापील कुचाळक्यांचा दरारा ज्यानं निर्माण केला, तो माणूस मराठीच होता. बाबूराव पटेल, पालघरकडचे. १९३५ साली निघालेल्या त्यांच्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकात बड्याबड्यांची सालटी निघत. वाचकांच्या प्रश्नांना ते स्वतः उत्तरं देत आणि ती वाचायला लोक मासिक विकत घेत. नट्यांविषयी त्यांनी लिहिलेलं आज वाचवत नाही, ते मला कणभरही पटत नाही. पण लेखाखाली माणसाचं नाव होतं, मासिकाला कचेरी होती आणि कचेरीला पत्ता होता. त्या पत्त्यावर एक दिवस शांता आपटे पोचल्या.

शांताबाई दुधनीच्या. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुका, आमचाच जिल्हा, मोहोळ-सोलापूरवरून पुढं जाणारीच रेल्वे. 'कुंकू'मध्ये (१९३७) म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न न मानणारी नीरा त्यांनी केली होती आणि पडद्याबाहेरही त्या काही वेगळ्या नव्हत्या. बाबूरावांनी आपल्याविषयी छापलेलं आवडलं नाही म्हणून बाई छडी घेऊन 'फिल्मइंडिया'च्या कचेरीत शिरल्या आणि त्यांनी संपादकाला झोडपलं, असा किस्सा सिनेमाच्या दुनियेत आजही सांगतात. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही. पण हीच बाई १९३९ साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली होती आणि वर्षभरात तिनं 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तकही लिहिलं. तेव्हा छडीवर अविश्वास दाखवायला मला तरी जागा दिसत नाही. बाबूराव पुढं १९६७ साली मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून खासदार झाले. म्हणजे मार खाऊन संपादकाचं काही बिघडत नाही, हाही मुद्दा निकालात निघाला.

आज शांताबाई असत्या तर छडी घेऊन कुठं गेल्या असत्या? आजच्या बातमीत लिहिलेलं असतं, 'फोटो पाहून नेटकऱ्यांनी झापलं.' हा नेटकरी कुठं राहतो? त्याची कचेरी कुठल्या मजल्यावर? बातमी उघडली तर कळतं, की झापणारे एकूण तिघे. एकाच्या नावाच्या जागी सिंहाचं चित्र, दुसऱ्याच्या जागी गुलाब, आणि तिसऱ्यानं झापलेलंच नाही, त्यानं 'जय शिवराय' एवढंच लिहिलंय. या तिघांच्या जिवावर पाचशे शब्दांची बातमी उभी राहते, तिच्याखाली नाव नसतं, असतं 'वेब टीम'. एवढी मोठी टीम, आणि एकालाही आपलं नाव सांगायची सोय नाही.

आता अकलूजच्या पोरीकडं येतो. या सगळ्यात माझा खरा राग तिथं आहे.

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, शूटिंगही करमाळ्याकडं झालेलं, नायिका आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. सिनेमा लागायच्या आधीच तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला. सिनेमानं शंभर कोटी पार केले आणि सोलापूर जिल्ह्याला पहिल्यांदाच स्वतःची अशी तारका मिळाली, जी आपल्यासारखं बोलत होती, पडद्यावर बुलेट चालवत होती आणि तिकडून मुंबईला धडकी भरवत होती. त्या उन्हाळ्यात मोहोळपासून माळशिरसपर्यंत प्रत्येक घरात एक तरी माणूस असा निघाला, की जो शूटिंगच्या वेळी तिथंच उभा होता. गर्दीत डावीकडून चौथा. दिसत नाही, कारण कॅमेरा तेव्हाच हलला. तिच्याशी नातं निघेना, तेव्हा लोकांनी नात्यातल्या नात्यात नाती काढली. आमच्या गल्लीत एकजण तिच्या मामाच्या गावच्या सोसायटीत खातेदार होता, तेवढ्यावर त्याला महिनाभर चहा फुकट मिळाला.

इथवर सगळं झकास. मग बातम्या सुरू झाल्या, आर्ची काय खाते, आर्ची कुठं दिसली, आर्चीच्या घराबाहेर किती गर्दी. तोवर ती अकलूजमध्ये राजगुरू सरांची मुलगी होती. आई-वडील दोघंही शिक्षक. शिक्षकाच्या मुलीकडं वर मान करून बघायची आमच्याकडं कुणाची टाप नसते, कारण सरांनी आपल्या बापालाही ओळखलेलं असतं. बातमीनं तिची आर्ची केली आणि सरांची मुलगी कुणाचीच राहिली नाही. शाळेत जाणं अशक्य झालं. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. आमच्याकडं सतरा नंबर म्हणजे नापास होऊन गुरांमागं गेलेल्या आणि पाच वर्षांनी भरतीसाठी शहाणपण सुचलेल्या पोरांची वाट. ती राष्ट्रीय पुरस्कारांत नाव आलेल्या मुलीला धरावी लागली, आणि का, तर तिचं कौतुक फार झालं म्हणून.

जून २०१७ ला निकाल लागला. ६६.४० टक्के. राज्यात लाखो पोरांचे निकाल त्या दिवशी लागले, बातमी या एकाच निकालाची. आमच्याच गल्लीत एका पोराला सहासष्टच पडले होते. बापानं सकाळी त्याला त्याबद्दल दिवसभर पुरेल एवढं ऐकवलं आणि संध्याकाळी कट्ट्यावर येऊन म्हणाला, "पोरीनं एवढा सिनेमा करून सहासष्ट काढलं बगा!" पोरगं मागंच उभं होतं. ते म्हणालं, "मग मलाबी सिनेमात घाला की."

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ती बारावीला बसली. परीक्षा केंद्र टेंभुर्णी. म्हणजे आमच्याच हायवेवर, वरच्या अंगाला. कॉलेजला पोलिस बंदोबस्त मागावा लागला. बारावीच्या केंद्रावर पोलिस आम्हाला नवे नाहीत, ते दरवर्षी खिडकीतून चिठ्ठ्या टाकणाऱ्यांसाठी असतात. त्या वर्षी ते खिडकीतून डोकावणाऱ्यांसाठी होते. सतरा वर्षांच्या मुलीला परीक्षेचा पेपर लिहायला पोलिस लागले! आणि हे करणारे कोण, तर पुण्याचे नाहीत, मुंबईचे नाहीत, आमचेच पाहुणे-रावळे. यातल्या निम्म्यांनी स्वतःची बारावी सुरू असताना त्या केंद्राकडं पाय केला नव्हता. तिनं ८२ टक्के मिळवले. त्याचीही बातमी झाली. पण गर्दीतल्या एकाचंही नाव कुठं छापून आलं नाही.

इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो, की तारे मोहोळला थांबत नाहीत. एक तारका जिल्ह्यातच राहत होती, याच हायवेवर येऊन परीक्षा देत होती, तर आम्ही तिला वर्गात बसू देत नव्हतो. उद्या वंदे भारतला मोहोळचा थांबा मिळाला तरी कुणी शहाणा नट इथं उतरेल असं मला वाटत नाही, आणि त्यानं उतरूही नये.

तेव्हा करमणुकीच्या बातम्या चालवणाऱ्या सगळ्यांना माझा एक प्रस्ताव आहे. तुमच्या त्या 'वेब टीम'ला महिनाभर मोहोळला पाठवा. आमच्या अण्णांच्या दुकानात बाकडं मोकळं आहे. अण्णा त्यांना शिकवतील, की बातमीच्या आधी सांगणाऱ्याचं नाव कसं घ्यायचं, मेलेला माणूस मेला आहे हे कसं तपासायचं आणि ज्याच्याविषयी बोलतोय तो शेजारच्या खुर्चीत दाढीला साबण लावून बसलेला असताना वाक्य कुठं थांबवायचं. फी नाही, चहा अण्णांकडून. कटिंगचे मात्र पैसे पडतील. आणि सोमवारी येऊ नका, सोमवारी दुकान बंद असतं.